रविवारचं हँडल

वहिनींना ‘वहिनी’ न म्हणणारं माणूस गल्लीत शोधून सापडलं नसतं. पोस्टमन वहिनी म्हणायचा, समोरचा इस्त्रीवाला वहिनी म्हणायचा, शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला येणारी बोटभर पोरंही वहिनीच म्हणायची. त्यांच्या सख्ख्या दिराची यावर कायमची तक्रार होती. तो म्हणायचा, “त्यांना वहिनी म्हणायचा हक्क जगात माझा एकट्याचा, आणि सगळ्या गावाने तो फुकटात लाटला!” वहिनी म्हणायच्या, “तुम्ही कधीतरी सणकेत येऊन तोंड दाखवता भाऊजी, तोवर कुणीतरी म्हणायला नको?” आणि विषय संपायचा. वहिनींशी बोलताना विषय त्याच संपवायच्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाई कामाला वाघ. वरच्या मजल्यावर खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या आडूनच सगळ्या घराला सूचना. पडदे, फ्रॉक, गणवेश, उशांचे अभ्रे, काय म्हणाल ते. वहिनींची शिवण उसवली असं एक कापड कुणी आणून दाखवावं, पैज आपली! फक्त अलीकडे गुडघ्यांनी दावा मांडला होता. जिना चढताना प्रत्येक पायरीला त्या आपल्या गुडघ्यांचा असा काही उद्धार करायच्या की खालून जाणाऱ्याला वाटावं, वर कुणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललंय.

म्हणून त्यांच्या लेकीने एक बेत काढला. लेक शाळेत शिकवायची, स्वभावाने आईवरच गेलेली, म्हणजे दोघींचं पटायचंही फार आणि वाजायचंही फार. बेत असा की खाली रस्त्याला लागून गॅरेज आहे ते रिकामं करायचं, रंग काढायचा, मोठी खिडकी बसवायची, आणि आईचं मशीन खाली आणायचं. जिन्याचा प्रश्नच मिटला. बेतात खोट काढायला जागा नव्हती. अडचण एकच, गॅरेजमध्ये बाईसाहेब होत्या.

बाईसाहेब म्हणजे मोटार. काळी, लांब नाकाची, पुढे गोल दिव्यांचे दोन डोळे, आणि दोन्ही बाजूंना दाराखाली पाय ठेवायला लांब फळी. वहिनींच्या सासऱ्यांची ती गाडी. सासरे, म्हणजे वहिनींचे मामंजी, उभा जन्म ड्रायव्हर. एका मोठ्या डॉक्टरांची ही गाडी ते चालवायचे. डॉक्टर कायमचे परदेशी गेले तेव्हा “ही तुमच्याच हाताची आहे, दुसऱ्याचं ऐकायची नाही,” असं म्हणून किल्ली त्यांना देऊन गेले. थंडीच्या दिवसांत मनधरणी केल्याशिवाय चालू व्हायची नाही, म्हणून मामंजींनी तिचं नाव ठेवलं बाईसाहेब. पुढे त्यांचे डोळे अधू झाले. एके दिवशी कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब खांब आहे की माणूस, हेच त्यांना कळेना. त्या दिवशी त्यांनी गाडी गॅरेजात लावली, बॅटरी काढून ठेवली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. मामंजी गेले, वहिनींची लेक मोठी झाली, शिकली, कमावती झाली, आणि बाईसाहेब होत्या तिथेच अंगावर चादर पांघरून उभ्या.

“आई, मी भंगारवाल्याला बोलावते,” लेक एका सकाळी म्हणाली.

वहिनींनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. टाचण्या बाहेर आल्या म्हणजे मामला गंभीर.

“भंगार? कोण भंगार? जिवंत गाडी आहे ती! इंजिन मोकळं आहे तिचं. दर रविवारी हँडल कोण फिरवतं? तू?”

“अगं पण टायर बसलेत, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलाय…”

“टायर म्हणजे गाडी नव्हे. मामंजी सांगायचे, इंजिन जाम झालं नाही तर गाडी मेलेली नसते. आणि मी ते जाम होऊ दिलेलं नाही.”

आता आईशी वाद घालून काही उपयोग नाही हे लेकीला पुरतं ठाऊक. तिने मधला रस्ता काढला. काकाला बोलवायचं. गाडी चालू झाली तर ती बाहेर झाडाखाली शेड घालून ठेवायची, कायमची, आणि भंगाराचा शब्द पुन्हा घरात काढायचा नाही. नाही झाली तर आईनेही हट्ट सोडायचा.

“बोलाव,” वहिनी म्हणाल्या. “आजच बोलाव. मला काय भीती आहे?”

आणि त्यांना खरंच भीती नव्हती. उलट आपल्या इतक्या वर्षांच्या कामाचा आता निकाल लागणार, आणि तो चारचौघांत लागणार, याचा त्यांना आनंदच झाला होता. माणूस आहे, वाटणारच.

त्या कामाची गोष्ट अशी. वहिनींचे यजमान अचानक गेले तेव्हा लेक नुकती रांगायला लागली होती. वहिनींनी मशीनवर चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या पडल्याच. कुणी काही बोललं की ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा भिंतीकडे वळायच्या. समजावणारे थकले. नात्यातल्या काहींनी मग वेगळाच सूर लावला, की हिला माहेरी पोचवा, इथे ठेवून काय करणार. मामंजी म्हणजे एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्यावर दारात उभे राहून म्हणाले, “हे तिचं घर आहे. इथून कुणी जायचंच असेल तर तुम्ही निघा.” नातेवाईक निघाले. वहिनी मात्र भिंतीकडेच बघत राहिल्या.

मग एका रविवारी सकाळी मामंजी भिंत चाचपडत त्यांच्या खोलीच्या दाराशी आले.

“सूनबाई, जरा खाली येतेस? बाईसाहेबांचं इंजिन फिरवायला हवं. तसंच राहिलं तर जाम होईल. माझा खांदा आता साथ देत नाही.”

वहिनींना असा संताप आला म्हणता! ज्याचा तरणाताठा मुलगा गेला तो माणूस इंजिनाची काळजी करतोय! त्या रागारागातच उठल्या, रागातच जिना उतरल्या, मामंजींनी दाखवलं त्या, गाडीच्या नाकाखालच्या भोकात हँडल घातलं आणि सगळा राग त्या हँडलवर काढला. गरागरा फिरवलं. मामंजी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, मान कलती करून ऐकत. जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “शाब्बास. छान फिरवतेस. पुढच्या रविवारी पण ये हं.”

वहिनी पुढच्या रविवारी गेल्या. त्याच्या पुढच्याही. घराबाहेरच्या हवेत तेवढीच त्यांची घटकाभर ये-जा. मामंजींनी त्यांना पाना धरायला शिकवलं, प्लग काढायला शिकवलं, महिन्यातून एकदा प्रत्येक प्लगच्या भोकात तेलाचे चार थेंब सोडायला शिकवलं. काम चालू असताना ते खुर्चीतून कायकाय सांगत बसायचे. डॉक्टरांना घेऊन कुठल्या घाटात अडकले होते, कुठल्या पेशंटच्या घरी कुत्रं मागे लागलं होतं. एका रविवारी त्या कुत्र्याच्या गोष्टीला वहिनी हसल्या, आणि आपण हसलो हे लक्षात येऊन दचकल्या. त्याच आठवड्यात त्यांनी मशीनवरची चादर काढली.

मामंजींनी पुढे नातीला अंगाखांद्यावर वाढवलं, तिचं शाळेत जाणं-येणं सांभाळलं, डोळे पूर्ण गेले तरी तिला पाढे म्हणून दाखवले. जायच्या आधी एवढंच म्हणाले, “सूनबाई, मी नसलो तरी हँडल सोडू नकोस.” वहिनींनी शब्द दिला. आणि वहिनींचा शब्द म्हणजे तोंडाची वाफ नव्हे. ताप असला तरी, पाऊस असला तरी, कुणाचं लग्न असलं तरी रविवार चुकला नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. बापासारखा, नव्हे बापाहून जास्त उभा राहिला तो माणूस आपल्यामागे. त्याचं आपण काय फेडणार, कपाळ? मग निदान त्याने सांगितलेलं एवढं एक काम तरी चोख.

तर भाऊजी आले. बसच्या डेपोत जन्मभर मेकॅनिक म्हणून राबून नुकतेच मोकळे झालेले, घरात बसून बायकोला नको नको झालेले. हत्यारांची पिशवी घेऊन असे काही उतरले की जणू लग्नाला आलेत. चादर काढली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, “काय बाईसाहेब, ओळख आहे का?”

पहिले दोन दिवस उंदरांचं सामान बाहेर काढण्यात आणि टायरांत हवा टिकते का बघण्यात गेले. वहिनी मशीनवर कमी आणि गॅरेजात जास्त. “भाऊजी, तो पाना तिथे नाही, इकडे.” “भाऊजी, तो स्क्रू जपून, झिजलेला आहे.” शेवटी भाऊजी वैतागून म्हणाले, “वहिनी, डेपोत माझ्या डोक्यावर साहेब होता, तो तुमच्यापेक्षा बरा होता.”

तिसऱ्या दिवशी इंजिनाची पाळी आली. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून आला होता, लेक शाळेतून आली होती. भाऊजींनी बॉनेटच्या दोन्ही बाजू वर केल्या आणि वहिनींपुढे लवून हात केला.

“या, मालकीणबाई. तुमचा मान.”

वहिनींनी टेप गळ्यातून काढून लेकीकडे दिला. हँडल घातलं, पाय रोवले आणि फिरवायला लागल्या. टक, टक, टक, टक. सवयीचा हात, एका लयीत. “बघा,” त्या दम न लागता म्हणाल्या, “लोण्यासारखं फिरतं.”

कुणीतरी टाळी वाजवली, बहुधा इस्त्रीवाल्याने. भाऊजींनी मात्र वाजवली नाही. ते बाजूला वाकून बॉनेटच्या आत बघत होते.

“वहिनी, थांबा जरा. परत फिरवा.” त्यांनी फिरवलं. “नेहमी असंच फिरवता? याच बाजूला?”

“मग? आपल्याकडेच घ्यायचं ना चाक! मशीनचं चाक आपल्याकडे फिरवायचं, पलीकडे ढकललं की धागा गुंततो. हे काय सांगायला हवं?”

भाऊजींनी पुन्हा एकदा आत वाकून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, “वहिनी, इकडे या. आतला पंखा बघा. आता मी फिरवतो.”

भाऊजींनी हँडल फिरवलं, वहिनी फिरवत तसंच. टक, टक, टक. इंजिनाच्या पुढचा पंखा जागचा हलला नाही. त्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यालाही धक्का लागला नाही.

झालं होतं असं. अशा हँडलच्या टोकाला एक आडवी पिन असते, आणि इंजिनाच्या तोंडाशी तिच्यासाठी खाच. घड्याळाचे काटे जातात त्या बाजूला फिरवलं तरच पिन खाचेत अडकते आणि इंजिन फिरतं. उलट्या बाजूला फिरवलं की पिन उतारावरून घसरते, टक करते आणि पुढे जाते. मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर इंजिन चालू झाल्याबरोबर हँडलने माणसाचा हात मोडायचा. वहिनी शिवणाऱ्या. त्यांच्या हाताला चाकाची एकच दिशा माहीत. पंखा बघायला बॉनेट उघडं ठेवून समोर उभं कोण राहणार? इतक्या वर्षांच्या इतक्या रविवारी त्यांनी इंजिन फिरवलं होतं किती, तर एक वळसाही नाही.

भाऊजींनी हँडल बरोबर दिशेला दाबून पाहिलं. हललं नाही. अंगाचा भार टाकला. नाही.

“जाम आहे,” ते म्हणाले. आणि म्हटल्याबरोबर त्यांना वाटलं, जीभ हासडली असती तर बरं.

वहिनींनी हात पुसले. टेप मागून घेतला. तडक जिना चढून गेल्या, आणि त्या दिवशी पायऱ्यांवर त्यांनी गुडघ्यांना एक शिवी दिली नाही. लेक घाबरली ती त्याच्यामुळे.

ती वर गेली तेव्हा आई मशीनशी बसली होती आणि मशीन बंद होतं.

“बोलाव तुझ्या भंगारवाल्याला,” वहिनी म्हणाल्या.

“आई, अगं चूक होते माणसाची…”

“एकच काम सांगितलं होतं गं त्या माणसाने! काही मागितलं नाही जन्मात. मला घरात ठेवलं, तुला वाढवलं, सगळ्यांशी वाईटपणा घेतला. एक काम सांगितलं आणि मी ते उलटं करत बसले. आणि वर तोरा किती! गल्लीभर सांगत सुटले, इंजिन मोकळं आहे म्हणून.” त्यांनी टाचण्यांची उशी दूर सारली. “काय तोंड दाखवू मी त्यांना?”

गेलेल्या माणसाला तोंड काय दाखवायचं असतं, असं लेकीच्या ओठांवर आलं होतं. ती आईच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि बरंच केलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी खाली फिरकल्या नाहीत. दुपारी जिन्यावर भाऊजींची पावलं धाडधाड वाजली आणि ते दारातच उभे राहिले. हातात स्पार्क प्लग, बोटं तेलकट.

“वहिनी, हे तेल कोणतं?”

“मशीनचं,” वहिनी मान वर न करता म्हणाल्या. “ते तरी बरोबर की तेही चुकलं?”

“शिलाई मशीनचं? इंजिनात?” भाऊजी ओरडलेच. “अहो, म्हणून! मी टॉर्च घालून आत बघितलं. मला वाटलं होतं गंजाचा डोंगर असणार, इंजिनाचं डोकं उघडून ठोकाठोक करावी लागणार. आत गंजाचा ठिपका नाही! सिलिंडरच्या भिंती चकचकीत आहेत. जुनं तेल घट्ट होऊन चिकटलंय फक्त. डिझेल सोडून ठेवतो आत, दोनचार दिवस मुरू दे. सुटणार वहिनी, माझा शब्द!”

“तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय.”

“मी? तुम्हाला? जन्मात कधी केलंय का असं?”

हे मात्र खरं होतं. वहिनी उठल्या.

डिझेल मुरलं. मग एका संध्याकाळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून सगळ्यांनी मिळून मागेपुढे हलवायला सुरुवात केली. पुढे भाऊजी, मागे लेक आणि इस्त्रीवाला, आणि गुडघ्यांचं नाव काढून तिघांनी बजावूनही मडगार्डला खांदा लावलेल्या वहिनी. ढकल, ओढ, ढकल, ओढ. टायर कुरकुरले. गाडीच्या पोटातून काहीतरी कुंथल्यासारखा आवाज आला आणि एकदम, हिसका बसून, गाडी पुढे गेली. पंखा फिरला. कोळ्याचं जाळं तुटलं.

“सुटलं!” भाऊजी नाचायचेच बाकी राहिले. इस्त्रीवाला मागच्या मागे बसला होता, तो तिथूनच हसायला लागला.

चहा झाला. लेक आणि इस्त्रीवाला आपापल्या कामाला गेले. भाऊजी आणि वहिनी गाडीच्या दाराखालच्या फळीवर टेकले होते. भाऊजी आज इतके खूश की गप्प बसवेना.

“तेलाने वाचवलं हो. थेंब थेंब घातलंत ते एकदाही चुकवलं नाहीत म्हणून. मी डेपोत इतकी इंजिनं पाहिली, पण असं राखलेलं नाही.”

“तेलाने वाचवलं, मी नाही,” वहिनी म्हणाल्या. “माझं काम हँडलचं. तेलाचं मामंजींनी मागाहून सांगितलं.”

“मागाहून म्हणजे?”

“पहिल्या रविवारी नुसतं हँडलच होतं. दुसऱ्या रविवारी गेले तर म्हणाले, हँडल फिरवतेसच, पण आता प्लग काढून थोडं तेलही घालत जा. मशीनचं आहे ना तुझ्याकडे, तेच चालेल.”

भाऊजींनी कप खाली ठेवला.

“वहिनी, बाबांचा कान आठवतो ना तुम्हाला? बस गल्लीच्या तोंडाशी आली की खुर्चीतून सांगायचे, हिच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. मी डेपोत जाऊन बघायचो, तर गेलेलं असायचं.”

“हो मग?”

“मग हातभर अंतरावर बसून त्यांना ती टकटक कळली नसेल?”

वहिनींनी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं, जिथे मामंजींची खुर्ची असायची.

“हँडलचा हा आवाज झोपेतून उठवून ऐकवला असता तरी त्यांनी सांगितलं असतं, की उलटं फिरतंय. पहिल्याच रविवारी कळलं त्यांना. म्हणून तर पुढच्या रविवारी तेल! इंजिन फिरलं नाही तरी तेल असलं तर गंजायचं नाही. त्यांनी गाडीची सोय दुसऱ्या बाजूने केली, वहिनी. तुमच्या हँडलला हात लावला नाही.”

वहिनी उठून उभ्या राहिल्या. चेहरा लाल.

“म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं?” सासऱ्यांना त्या जन्मात पहिल्यांदा म्हातारा म्हणाल्या. “शाब्बास म्हणायचे मला! छान फिरवतेस म्हणायचे! आणि मी गाढवासारखी घाम गाळत होते! एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?”

“त्या रविवारी सांगितलं असतं, ‘सूनबाई, चुकतंय तुझं’, तर पुढच्या रविवारी खाली आला असतात?”

तो दिवस वहिनींच्या डोळ्यांपुढे आला. हातातलं हँडल त्या आदळून गेल्या असत्या. वर जाऊन भिंतीकडे तोंड केलं असतं, आणि मग कुणाच्या बापाला त्यांनी दाद दिली नसती.

“नसते आले,” त्या म्हणाल्या.

“तेच. त्यांना इंजिन कुठे फिरवायचं होतं त्या दिवशी? तुम्हाला खोलीतून बाहेर काढायचं होतं. खांद्याचं निमित्त. खांदा चांगला ठणठणीत होता त्यांचा, मला विचारा, त्याच आठवड्यात मी त्यांना पाण्याचं पिंप उचलताना पाहिलंय.”

वहिनी परत फळीवर बसल्या. आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम आलं आणि आवरेना. “आणि पुढे तरी सांगायचं!” हुंदक्यातून त्या भांडतच होत्या. “नंतर मी चांगली खडखडीत झाले होते, तेव्हा सांगायचं!”

“नंतर धीर झाला नसेल. तुमच्यापुढे धीर कुणाला होतो?”

वहिनींनी डोळे पुसले. आपण इतकी वर्षं एकटीने त्यांचं काम करतोय असं समजत होतो, आणि इथे रविवारमागून रविवार तो माणूस दारात खुर्ची टाकून आपल्याला सावरायचं काम करत बसला होता. मुलगा त्याचाही गेला होता. त्याला कुणी हँडल दिलं नव्हतं फिरवायला. कधी एका शब्दाने बोलला नाही. केवढं नशीब आपलं, की अशा माणसाच्या घरात आलो! वहिनींनी हे भाऊजींना मोठ्याने बोलून दाखवलं, अगदी याच शब्दांत. आणि भाऊजी, ज्यांना असलं बोलणं कधी झेपायचं नाही, ते पिशवीत पाना शोधायला लागले.

पुढचं काम सरळ होतं. टाकी धुतली, नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटर साफ झाला, नवी बॅटरी आली. गाडी चालू करणारा सेल्फ मात्र जळलेला निघाला. तो दुरुस्त होऊन यायला वेळ लागणार होता.

“तोवर हँडल आहेच,” भाऊजी म्हणाले. “सरका, मी मारतो.”

“तुम्ही सरका,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, जिवंत इंजिन आहे आता, झटका देतं! मनगट मोडून घ्याल!”

“मग कसं धरायचं ते सांगा. आणि नीट सांगा, या वेळी कुणी मला शाब्बास म्हणून फसवायचं नाही.”

भाऊजींनी हात टेकले. मग सांगितलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. खालून वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. आणि घड्याळाच्या बाजूला, वहिनी, घड्याळाच्या! लेकीने डोळ्यांवर हात घेतले आणि बोटांच्या फटीतून बघत राहिली.

पहिल्या ओढीला काही नाही. या बाजूला हँडल केवढं जड होतं! वहिनींना कळलं, की इंजिन म्हणजे काय ते त्यांच्या हाताला आज पहिल्यांदा लागतंय. दुसऱ्या ओढीला गाडीच्या पोटात एक खोकला आला आणि विझला. “बाईसाहेब, पुरे झाले नखरे,” वहिनी दातांत बोलल्या आणि सगळं अंग लावून हँडल वर खेचलं.

इंजिन धडधडलं. एकदा अडखळलं, भाऊजींनी आत बसून ॲक्सिलरेटर दाबला, आणि मग ते चालूच राहिलं. इतक्या वर्षांचं मशीनचं तेल एकदम जळायला लागलं आणि मागून असा पांढरा निळा धूर निघाला की समोरचं दुकान दिसेना. “माझे शर्ट! वहिनी, माझे शर्ट!” इस्त्रीवाला धुरातून बोंबलत होता. लेक खोकत होती आणि टाळ्या पिटत होती.

वहिनी हँडल हातात घेऊन गाडीपुढे उभ्या होत्या. इंजिनाचा आवाज आता एकसारखा झाला होता. त्यांना कुणाची लाज नव्हती, कुणाकडे लक्ष नव्हतं. त्या आवाजाच्या वर आवाज चढवून त्या म्हणाल्या, “मामंजी, ऐकताय ना? आता खरं फिरलं!” आणि भाऊजींनी आतून दार उघडलं तशा हँडल लेकीच्या हातात देऊन गाडीत जाऊन बसल्या.